ऑफसेटचा हिशेब कागदावर करायचा की कोब्यावर खडूने?

लोटेकर
नमस्कार मंडळी. लोटे परशुरामच्या एका केमिकल कारखान्यात पाइपिंगचं काम चालू आहे, मी ठेकेदाराच्या बाजूने साइटवर असतो. चार इंची एमएस लाइन सरळ चालली होती, मध्ये कॉलम आडवा आला. सेंटर टू सेंटर ३५० मिमी बाजूला सरकायचं आणि पुन्हा पहिल्याच दिशेने पुढे जायचं. म्हणजे नेहमीचा ४५चा ऑफसेट.

आमच्या मिस्त्रींनी शेडमधल्या कोब्यावर दोरी मारून ३५० अंतराच्या दोन समांतर रेषा काढल्या, गुण्या लावून ४५ची तिरकी ओढली, दोन्ही एल्बो (वळणाचे तयार तुकडे) रेषांवर आडवे ठेवले, वेल्डिंगची गॅप सोडून मधली जागा टेपने मोजली. ३६१. तोवर माझं कागदावर चाललं होतं: ३५० गुणिले १.४१४ म्हणजे ४९५. त्यातून दोन एल्बोंचा टेक-ऑफ (एल्बोच्या सेंटरपासून तोंडापर्यंतचं माप) ६४ अधिक ६४ आणि दोन गॅप ३ अधिक ३ वजा. उरले ३६१.

उत्तर एकच आलं, त्यामुळे या पाईपवरून भांडण नाही. भांडण पुढचं आहे. प्लँटमध्ये वेल्डिंगला रोज परमिट लागतं, ते सकाळी अकराशिवाय हातात येत नाही. म्हणून स्पूल (पाईप-एल्बो जोडून केलेले तुकडे) बाहेर यार्डात तयार करून आणायचे आणि आत एखादाच जॉइंट मारायचा असं ठरलंय. पुढच्या लाइनींत रोलिंग ऑफसेट आहेत, एकाच वेळी वर आणि बाजूला जाणारे. आयटीआयची नवी पोरं आली आहेत. माझं म्हणणं, त्यांना आधी हिशेब शिकवा. मिस्त्री म्हणतात, आधी आखणी. हिशेब मागून येतो. तुम्ही काय सांगाल?

मास्तर_४२०
गुणिले १.४१४. धागा संपला, मंडळी जेवायला जा.

ई७०१८
मास्तर, १.४१४ पोरांना पाठच असतं. आयटीआयला वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय आहे, तिथे घोकून घेतात. घोडं पेंड खातं ते माप कुठून कुठे घ्यायचं इथे. तो गुणाकार सेंटर लाइनचा आहे. चालू प्लँटमध्ये पाईपच्या सेंटरला टेप लावता येतो का? नाही. म्हणून एका पाईपच्या वरच्या कडेपासून दुसऱ्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. दोन्ही एकाच मापाचे असतील तर तेच सेंटर टू सेंटर. पोरगं काय करतं, दोन्हींच्या आतल्या कडा धरतं, नाहीतर दोन्हींच्या बाहेरच्या. चार इंची पाईपचा बाहेरचा व्यास ११४, तेवढ्याने ऑफसेट चुकतो आणि मग म्हणतं सूत्र चुकलं.

टेक-ऑफचंही तसंच. ४५च्या लाँग रेडियस एल्बोचा सेंटर टू एंड चार्टमध्ये असतो: दोन इंचीला ३५, तीनला ५१, चारला ६४, सहाला ९५. चार्ट नसला तर रेडियस गुणिले ०.४१४. चार इंचीचा रेडियस १५२, त्याचे ६३ येतात, चार्ट ६४ म्हणतो. तो एक मिमी गॅपमध्ये जिरतो. पण दुकानातून आलेला एल्बो एकदा स्वतः मोजावा, बेव्हल ग्राइंड करून करून आखूड झालेला माल कमी नसतो.

कागदी_वाघ
एकविसावं शतक चालू आहे ना? थ्रीडी मॉडेलमधून आयसोमेट्रिक (लाइनीचं मापांसकट ड्रॉइंग) निघते, त्यावर कट लेंथ छापून येते. खडू कशाला आणि कॅल्क्युलेटर तरी कशाला?

ई७०१८
मॉडेलमध्ये पंपाचा नॉझल (लाइन जोडायचं तोंड) जिथे असतो तिथेच तो फाउंडेशनवर बसला तर कशालाच काही लागत नाही. २० मिमी सरकलेला पंप बघितलाय का कधी? म्हणून तर शेवटच्या स्पूलला १०० मिमी जादा लांबी ठेवतात आणि आत नेऊन कापतात.

कागदी_वाघ
बरं. मी डिझाइन ऑफिसात बसतो, एसीत.

लोटेकर
@कागदी_वाघ, नावावरून अंदाज आलाच होता 😀 पण मुद्दा चुकीचा नाही. नव्या प्रोजेक्टला आयसोच येते. आमचं काम जुन्या प्लँटमधल्या बदलाचं आहे, त्याची ड्रॉइंगं कुठल्या कपाटात आहेत हे कुणालाच माहीत नाही.

पार्लेकरीण
विषय वाचून आत आले कारण आमच्या सोसायटीत सध्या हेच चाललंय. तिसऱ्या मजल्यावर ड्रेनेजची लाइन बदलताना प्लंबरच्या वाटेत बीम आला. त्याने ४५ नाही, ३० नाही, सरळ छिन्नी घेतली आणि बीमलाच खाच पाडायला सुरुवात केली. वरून मला म्हणतो, "ताई, एवढ्याने काय होतंय."

पाडकाम_नको
ताई, थांबवा त्याला, आजच! बीमच्या खालच्या बाजूला मुख्य सळ्या असतात. कव्हर उडालं की सळ्या उघड्या पडतात, गंज धरतात, आणि ड्रेनेज लाइनशेजारी ओल कायमची. स्ट्रक्चरल इंजिनीअरने लेखी दिल्याशिवाय बीमला हात लावायचा नाही. दोन ४५चे बेंड किती रुपयांना येतात?

पार्लेकरीण
थांबवलंय. सेक्रेटरींनी त्याला "आमचा नेहमीचा माणूस" म्हणून आणलं होतं, त्यामुळे आता माझ्याशी कोणी बोलत नाही.

नळराव
प्लंबिंगवाला बोलतोय. ताईंच्या प्लंबरची बाजू घेत नाही, पण आमच्या लोकांची दुसरी खोड सांगतो. पीव्हीसी पाईप कागद पेटवून नाहीतर ब्लोलॅम्पने गरम करायचा आणि गुडघ्यावर वाकवायचा. फिटिंगचे पैसे वाचतात, ऑफसेट झाला म्हणून सांगतात. वाकलेल्या जागी पाईप चपटा होतो, बाहेरच्या अंगाला भिंत पातळ होते, आणि तुंबलं की नेमकं तिथेच. कुठल्याही कंपनीचं पत्रक वाचा, असं करू नका म्हणून लिहिलेलं असतं.

११० मिमीच्या एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या पीव्हीसी) पाईपला ऑफसेटचा हिशेब वेल्डिंगपेक्षा थोडा निराळा. पाईप बेंडच्या सॉकेटच्या आत जातो. म्हणून वजा करायचं ते सेंटरपासून सॉकेटच्या तोंडापर्यंतचं माप नाही, तर सेंटरपासून आतल्या अडणीपर्यंतचं. रबर रिंगचा जोड असेल तर पाईप अडणीपर्यंत ठोकून बसवायचा नाही, साधारण १० मिमी मागे ओढायचा, उन्हात वाढायला जागा लागते. सोल्व्हंटचा जोड असेल तर पूर्ण आत.

ताई, तुमच्या आडव्या लाइनला ४५च चांगले. ९०च्या बेंडवर मैला आपटून थांबतो, ४५ला वळून जातो.

जर्सीकर_नितीन
मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, पण घराच्या बेसमेंटमधली वायरिंगची कामं स्वतः करतो (इन्स्पेक्टरला दाखवून, घाबरू नका). इकडे पातळ लोखंडी कॉन्ड्युट हातातल्या बेंडरने वाकवतात आणि बेंडरच्या अंगावरच आकडे कोरलेले असतात. ३० अंशाला गुणक २, म्हणजे चार इंच ऑफसेटला दोन खुणांमध्ये आठ इंच. ४५ला १.४, साडेबावीसला २.६. इकडचे इलेक्ट्रिशियन ३०च वापरतात, कारण दुप्पट करायला डोकं लागत नाही आणि वायर ओढायलाही सोपी जाते.

पाईपवाल्यांना जे नसतं ते आम्हाला एक असतं: श्रिंक. वाकवल्यावर कॉन्ड्युट पुढच्या टोकाला आखूड पडतो. ३०ला ऑफसेटच्या दर इंचाला पाव इंच. चार इंचाला एक इंच. अडथळ्यापर्यंतच्या मापात ते आधीच मिळवायचं.

ई७०१८
आम्हालाही असतं हो, फक्त नाव नाही. तिरकी ४९५ जाते तेव्हा सरळ दिशेने ३५०च पुढे सरकतो. पुढचा पाईप मागवताना हे १४५ विसरलं की स्टोअरवाला हसतो.

पोथीनिष्ठ
१.४१४वरून आठवलं. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णाचा हिशेब दिलाय, यज्ञवेदी आखण्यासाठी. बाजू घ्या, तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. लोटेकरांच्या ३५०वर करून बघितलं: ३५० अधिक ११६.६७ अधिक २९.१७ वजा ०.८६, बरोबर ४९४.९८. कॅल्क्युलेटर ४९४.९७ म्हणतो. शतकांपूर्वी, दोरी आणि खुंट्यांवर!

मास्तर_४२०
आता धागा वेदीवरून विमानापर्यंत जाणार. पॉपकॉर्न आणतो.

पोथीनिष्ठ
विमानाचं मी काही म्हटलेलं नाही. कर्णाचं म्हटलंय, आणि ते करून दाखवलंय.

सूतधारी
पोथीनिष्ठांचं शेवटचं चौतिसावं सोडून द्या, उरतं ते आमचं फूटपट्टीचं गणित. एक, अधिक एक तृतीयांश, अधिक एक बारांश, म्हणजे सतरा बारांश. फुटाला सतरा इंच! आमचे वडील सुतारकाम आणि थोडं पत्राकाम करायचे, त्यांना दशांश चिन्ह माहीत नव्हतं. फूटभर सरकायचं तर सतरा इंच कापायचं, सहा इंचाला साडेआठ, तीन इंचाला सव्वाचार. चूक किती? मीटरला अडीच मिमी. सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, तीन मिमीच्या वर. सुताच्या आत बसतंय म्हटल्यावर सुताराला अजून काय हवं.

शारजाकर
पत्राकाम म्हणालात म्हणून. मी डक्टिंगमध्ये आहे, शारजात. तुम्ही पाईपवाले सुखी, एल्बो आयता मिळतो. आमच्याकडे गोल डक्टचा ऑफसेट म्हणजे एल्बोसुद्धा पत्र्यातूनच काढायचा, आणि इथे आखणीशिवाय गत्यंतर नाही.

२०० मिमीचा गोल डक्ट, ४५चा दोन तुकड्यांचा एल्बो. प्रत्येक तुकडा निम्म्या कोनात, म्हणजे साडेबावीसला कापायचा. परिघ ६२८, त्याचे बारा भाग. प्रत्येक भागावर उभी रेघ मारायची आणि उंची टाकत जायचं: ०, ५.५, २०.७, ४१.४, ६२.१, ७७.३, ८२.८, मग तेच आकडे उलटे परत. (काढायचे कसे: १०० गुणिले ०.४१४ गुणिले, एक वजा कोसाइन.) ठिपके लवचीक पट्टीने जोडले की लाटेसारखी रेघ येते. जोड, म्हणजे जिथे पत्र्याची दोन टोकं एकत्र येतात तो, शून्याच्या बाजूला घ्यायचा, कारण तिथे उंची सगळ्यात कमी आणि लॉकही आखूड. एका पत्र्यावर दोन्ही तुकडे एकाच कापात सुटतात, एकाची रेघ तीच दुसऱ्याची.

एकदा केलं की तो फर्मा जाड पत्र्यावर उतरवून, व्यास आणि कोन लिहून खिळ्याला टांगायचा. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर असे फर्मे लटकलेत. नवीन पोरगा आला की त्याला आधी ते पुसायला देतो. पुसता पुसता बघतो.

लोटेकर
शारजाकर, फर्म्याचे फोटो टाका ना. आणि मंडळी, रोलिंग ऑफसेटवर अजून कोणी बोललेलं नाही. वर ३०० आणि बाजूला ४००, चार इंची.

माहुलचे_काका
लोटेकरसाहेब, तुमचा धागा दोन दिवस वाचतोय. माहुलच्या बाजूला पाइपिंग फोरमन म्हणून नोकरी झाली, आता पनवेलला घरी असतो. हात शिवशिवले म्हणून लिहितो.

एक खोका डोळ्यांपुढे आणा. पाईप खोक्याच्या एका कोपऱ्यात शिरतो आणि समोरासमोरच्या कोपऱ्यातून बाहेर पडतो. आधी खोक्याचं तोंड घ्या: ३०० वर, ४०० आडवं. कर्ण ५००. तुमच्या नशिबाने तीन-चार-पाच आलंय. हाच खरा ऑफसेट. इथून पुढे तो साध्या ऑफसेटसारखाच: ५०० गुणिले १.४१४ म्हणजे ७०७, वजा १२८, वजा ६, पाईप ५७३ला कापा. पुढे सरकणं ५००.

तुमचे मिस्त्री हे खडूने करतील का? करतील. आधी काटकोन काढून ३०० आणि ४०० टाकतील, तिरका मोजतील, मग तो ५०० घेऊन दुसरी आकृती काढतील. मी असे दोन आकृत्यांवर काम करणारे नामी फिटर पाहिलेत.

पण लांबी बरोबर आली म्हणजे स्पूल बरोबर आला असं नाही. एल्बो किती फिरवायचा? सरळ वर बघणाऱ्या एल्बोला आडव्या बाजूकडे झुकवायचं, आणि ४०० भागिले ३०० याचा कोन ५३ अंश. यार्डात ५३ अंश कसे मोजणार? चार इंची पाईपचा परिघ आहे ३५९ मिमी. म्हणजे एक अंशाला जवळजवळ एक मिमी. लेव्हल लावून पाईपच्या माथ्यावर सेंटर पंच मारा, तिथून कापडी टेप गुंडाळून ५३ मिमीवर दुसरी खूण करा, एल्बोच्या पाठीची मधली रेघ त्या खुणेच्या बरोबर उलट अंगाला आणा, म्हणजे एल्बोचं तोंड खुणेकडे वळतं. टॅक (वेल्डिंगचा तात्पुरता टाका) मारा. सहा इंचीला एक मिमी चालत नाही, तिथे परिघ ५२९, त्याच ५३ अंशांना ७८ मिमी.

दुसरा एल्बोही त्याच पातळीत. दोन्ही टोकांचे पाईप एकमेकांना समांतर आले का, हे दोन्हींवर लेव्हल ठेवून आणि वरून ओळंबा सोडून बघायचं. टोकाला फ्लँज असेल तर वरची दोन भोकं लेव्हलमध्ये हवीत, एक भोक माथ्यावर नको. फ्लँज फिरलेला स्पूल प्लँटमध्ये गेला की तुमचं परमिट पुन्हा अकरा वाजता.

लोटेकर
काका, साष्टांग. परिघ ३५९ हे इतकी वर्षं डोळ्यांपुढे होतं, कधी असं बघितलं नव्हतं. एक अडचण अजून. एका ठिकाणी ऑफसेट हाच ५००, पण पुढे जायला ५०० जागाच नाही, ३५० आहे. म्हणजे ४५ बसत नाही.

माहुलचे_काका
मग ९०चा एल्बो कापायचा. ५०० आणि ३५० यांचा कोन ५५ अंश. तिरकी लांबी ६१०. टेक-ऑफ आता रेडियस गुणिले निम्म्या कोनाचा टॅन: १५२ गुणिले टॅन साडेसत्तावीस, ७९. पाईप ६१० वजा १५८ वजा ६, म्हणजे ४४६. एल्बो कापताना पाठीवर २०१ मिमी आणि पोटात ९१ मिमी मोजून खुणा करा, दोन्ही खुणांतून पट्टी गुंडाळून रेघ मारा. नुसता डोळ्याने कापला तर तोंड ओव्हल येतं आणि वेल्डर शिव्या देतो.

इथे मात्र मिस्त्रींचा खडू थकतो. गुण्याला ४५ आणि ९०च माहीत.

सूतधारी
काका, माफ करा, पण इथे असहमत. गुण्याची गरजच नाही. ५०० आणि ३५० काटकोनात टाकले की तिरकी रेघ आपोआप ५५ला येते, कोनाचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही. एल्बो त्या रेघेवर ठेवायचा, जिथे रेघ सोडतो तिथे खडू मारायचा. टॅन कुणाला हवाय?

माहुलचे_काका
हे मान्य. तिरक्या रेघेवर एल्बो नीट बसवायला नजर लागते एवढंच, आणि एल्बोचा सेंटर कोब्यावर आधी काढून घ्यावा लागतो.

ई७०१८
मग खडूने न होणारं सांगतो. रॅकवर चार लाइनी शेजारी शेजारी आहेत, २५० मिमी सेंटरवर, आणि सगळ्यांना एकत्र ४५ घ्यायचाय. सगळे एल्बो एकाच रेषेत चालू केलेत तर सरळ भागात अंतर २५०, पण तिरक्या भागात १७७. चार इंची पाईप ११४, त्यावर ५०चं इन्सुलेशन दोन्ही बाजूंनी, झाले २१४. सरळ भागात ३६ मिमी मोकळे, तिरक्यात इन्सुलेशन एकमेकांत घुसलं. प्रत्येक लाइनीचा एल्बो आधीच्यापेक्षा २५० गुणिले ०.४१४, म्हणजे १०४ मिमी पुढेमागे ठेवला की तिरक्यातही २५०च राहतं. रॅकवर चढल्यावर कळलं तर चारही लाइनी उतरवायच्या. हे कागदावरच पकडायला हवं.

शारजाकर
कोब्यावर चारही लाइनी काढल्या तर तिथेही दिसतं की. फक्त कोबा मोठा हवा. फोटो काढलेत, उद्या टाकतो, फर्मे आधी पुसायला सांगितलेत.

नळराव
सगळे मोठ्या ऑफसेटचं बोलताय. माझा प्रश्न उलटा. चार इंची वेल्डिंगच्याच लाइनीत फक्त ६० मिमी सरकायचं असेल तर? एक गिऱ्हाईक विचारतंय.

ई७०१८
पूर्ण ४५चे दोन एल्बो एकमेकांना चिकटवून मारले तरी ९३च्या खाली ऑफसेट होत नाही. मग दोन्ही एल्बो ३६-३७ अंशांना कापून पाठोपाठ जोडा. पण आधी गिऱ्हाइकाला विचारा, मागे दहा-बारा मीटर सरळ लाइन आहे का? असेल तर सपोर्ट सरकवून तिथूनच लाइन तिरकी आणा. सहा मीटरला ६० म्हणजे नजरेलाही दिसणार नाही. उताराची लाइन असेल तर उतार बिघडत नाही ना, तेवढं बघा.

लोटेकर
मिस्त्रींना सगळा धागा वाचून दाखवला. सतरा इंच त्यांना आधीपासून माहीत होतं. ५३ मिमीवर जरा गप्प झाले, मग टेप घेऊन स्वतः परिघ मोजून आले. सोमवारपासून पोरं सकाळी कोब्यावर आखतील, दुपारी त्याच मापाचा हिशेब वहीत करतील, दोन्ही जुळल्याशिवाय ग्राइंडर चालू करायचा नाही असं ठरलंय. ज्याचं जुळणार नाही त्याने चहा सांगायचा.

मास्तर_४२०
मिस्त्रींचं जुळलं नाही तर?

लोटेकर
तेव्हा चहा मी सांगतो, मास्तर. नोकरी टिकवायचीय.

पार्लेकरीण
नळराव, दोन ४५ लावून घेतले. तिरक्या तुकड्याला आधार म्हणून क्लँप किती लावायला सांगू? नेहमीचा माणूस एकच पुरे म्हणतोय.

नळराव
एक तिरक्या तुकड्यावर, आणि दोन्ही बेंडांच्या अलीकडे-पलीकडे सरळ पाईपवर एकेक. तीन. त्याला सांगा, नळरावांनी सांगितलंय.